किनार न लावलेली फरशी

मुनिराखालांनी पाठवलेला फोटो मी निव्वळ हाताच्या सवयीने ऑफिसातल्या प्रोग्रॅममध्ये टाकला आणि पडद्यावर मधोमध पांढरी फुली उमटली. एक रेघ उभी, एक आडवी. दुपारचे साडेतीन वाजले होते. शेजारच्या टेबलावर निकेत संत्रं सोलत होता, त्याचा वास येत होता, आणि मी त्या फुलीकडे बघत राहिले. वास्तविक अशी फुली मी दिवसातून वीस वेळा बघते. ती कशाने येते हे मला ठाऊक आहे. ती काढून टाकणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. तरी त्या क्षणी मला एवढंच दिसलं की बाबांच्या शेवटच्या फरशीवर कुणीतरी फुली मारली आहे, आणि ती अगदी त्यांच्या पद्धतीने मारली आहे.

बाबा चौलला नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या करायचे. घराण्याची मिठागरं आजोबांच्या वेळीच गेली होती, तेव्हा सातवी झालेला चांगदेव, म्हणजे माझे बाबा, रेवदंड्याच्या एका कारखान्यात रंग कालवायला लागला आणि दहा वर्षांनी चौलला स्वतःचा हाताने दाबायचा प्रेस घेऊन बसला. आठ इंची लोखंडी साचा, त्यात पितळेच्या पट्ट्यांची जाळी, जाळीच्या घराघरात पळीने ओतायचा पातळ रंग, मग जाळी अलगद वर उचलायची. रंग एकमेकांत मिसळता कामा नयेत. वर वाळू-सिमेंटचा कोरडा माल पसरून प्रेसचा दांडा ओढायचा. निघालेली फरशी उन्हात आडवी धरून बाबा तिच्याकडे एक डोळा मिटून बघायचे. पसंत पडली नाही तर ती उलटी करून पाठीवर कोळशाने दोन रेघा ओढायचे, आधी उभी, मग आडवी, आणि भिंतीशी ठेवून द्यायचे. फुलीची फरशी गिऱ्हाइकाच्या घरात गेली असं कधी झालं नाही. ती मोरीत जायची, गोठ्यात जायची, नाहीतर आमच्या घरात यायची. आमच्या घराची सगळी जमीन अशा बाद फरश्यांची आहे. मी लहानपणी तिच्यावर पालथी पडून चुका शोधायची. पुष्कळदा सापडायच्याच नाहीत. मग मी बाबांना विचारायची की हिच्यात काय वाईट होतं, आणि ते म्हणायचे, “एकटी बघितलीस तर काय बी न्हाय. हिच्या बाजूला हिलाच ठेवून बघ.”

फोटोबरोबर मुनिराखालांचा आवाजी निरोप होता. त्या बोर्ली पंचतनला राहतात. त्यांच्या घरातल्या तीन खोल्यांची जमीन बाबांनी तीस वर्षांत तीन वेळा जाऊन घातली होती. चौथी खोली यंदाची. “प्राप्ती बेटा, नाराज नको होऊ हां. तुझ्या अब्बांचं काम मी नावाजलं नाही असं एक साल गेलं नाही. पण ही बघ, भिंतीला लागून फुलं आर्धी तुटलीत. किनार पण नाही लावली. लग्नाचं घर आहे, आमच्या माहीनच्या सासरची माणसं येणार, पहिली नजर तिथंच जाते. गवंडी शुक्रवारी येतो म्हणतो, उचकटून साधी गुळगुळीत टाकून देतो म्हणतो. त्यांचं लक्ष नसंल तेव्हा, उमर झाली होती. पण तुला विचारल्याशिवाय मी हातोडा लावू देणार नाही. तू हो म्हण, मग.” निरोप संपला तरी मागे कोंबड्यांचा आवाज थोडा वेळ राहिला होता. आज मंगळवार होता. बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते.

‘त्यांचं लक्ष नसंल’ हे शब्द माझ्यासाठी नवे नव्हते, मीच ते सात आठवडे मनात धरून बसले होते. शेवटच्या महिन्यांत बाबा फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगायचे. एकदा सदाला, म्हणजे त्यांच्याबरोबर चोवीस वर्षं प्रेस ओढणाऱ्या माणसाला, त्यांनी त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली, हे सदानेच मला हसत सांगितलं होतं. आणि मग तो शेवटचा फोन. बोर्लीचं काम चालू होतं, तिथूनच त्यांनी केला होता. “पोरी, तुमच्यात ती कड कशी लपवतात गं?” मी मीटिंगच्या दाराशी उभी होते. घाईघाईने म्हटलं, कडेकडेला चित्र हळूहळू काळं करत नेतात, बाबा. ते म्हणाले, “म्हणजे किनारच की.” मग जरा थांबले. “या टायमाला मी किनार न्हाय लावली.” मी म्हटलं, बाबा, मी नंतर फोन करू? “कर, कर. तुझं काम बघ तू.” मी केला नाही. बुधवारी केला नाही, गुरुवारी केला नाही, आणि सोमवारी दुपारी ते प्रेसशेजारच्या बाकावर बसल्याबसल्या गेले. तेव्हापासून ते वाक्य माझ्याजवळ आहे. पन्नास वर्षं ज्या माणसाने किनारीशिवाय एक खोली पुरी केली नाही, तो म्हणतो, किनार लावली नाही. ती कबुली होती काय? आपल्याला काहीतरी विसरायला होतंय हे त्यांना कळलं होतं, आणि ते मला सांगत होते, आणि मी दाराशी उभी होते?

पडद्यावरच्या फुलीकडे मी पुन्हा बघितलं. आम्ही उपग्रहाने काढलेल्या समुद्राच्या चित्रांवर काम करतो. चित्र म्हणजे लहानमोठ्या असंख्य लाटांची बेरीज आहे असं धरायचं आणि ती बेरीज सोडवायची. मग कुठल्या लांबीची लाट कुठल्या दिशेने किती जोरात आहे ते ठिपक्यांच्या रूपाने दिसतं. याला फूरिए रूपांतर म्हणतात. यात एक खोड आहे. गणित असं समजून चालतं की चित्राच्या उजव्या कडेला लागून पुन्हा त्याचीच डावी कड आहे, आणि तळाखाली पुन्हा त्याचा माथा. खोलीभर एकच फरशी लावत जावी तसं. पण समुद्राचा तुकडा कुणी तसा बेतलेला नसतो. डावीकडे किनारा असतो, उजवीकडे खोल पाणी. ह्या दोन अनोळखी कडा गणितात एकदम एकमेकींना भिडतात आणि तो धक्का रूपांतराच्या मधून आरपार जाणारी रेघ होऊन दिसतो. डाव्या-उजव्या कडा जुळल्या नाहीत तर आडवी रेघ, वरच्या-खालच्या जुळल्या नाहीत तर उभी. दोन्ही मिळून फुली. ती समुद्रात नसते. आपण चित्र जिथे कापलं तिथून ती येते.

हे मी एकदा बाबांना समजावून सांगितलं होतं. नोकरी नवी होती, त्यांना माझं काम कळावं अशी मला हौस होती. ते पाण्यात मुरायला टाकलेल्या फरश्या हौदातून काढत होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “मंग चित्र संपतं तिथं ती लाट काय करते?” मी म्हटलं, ती परत सुरुवातीला येते असं धरतात. “कुनाला विचारून?” मी हसले. ते हसले नव्हते. ओल्या हाताने कान खाजवत म्हणाले, “भिंतीला लागली की गुमान दुसऱ्या दारानं आत. आनि जमली न्हाय की आख्ख्या घरात बोंब. बराबर हाय. आमच्यात पन तसंच.” कॉलेजात आम्हाला हे शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही ‘चित्र संपतं तिथं लाट काय करते’ हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीही नाही. आणि खरं सांगायचं तर त्या वर्गात मला जे सगळ्यांत आधी समजलं ते बाबांमुळेच. रूपांतर पडद्यावर दाखवताना त्याचे चार चौकोन करून आडव्यातिडव्या जागा बदलतात, म्हणजे कोपऱ्यातलं मध्ये येतं. मुलं गोंधळली. मला काही अडचण आली नाही. बाबा नवी नक्षी करायचे तेव्हा ती कागदावर पुरी काढून कात्रीने तिचे चार तुकडे करायचे आणि समोरासमोरचे तुकडे अदलाबदल करून ठेवायचे. कडा मध्ये यायच्या. वेल जुळत नसेल, पाकळीची जाडी कमीजास्त असेल, तर ती चूक चित्राच्या ऐन पोटात उघडी पडायची. “कडेला चूक लपते,” ते म्हणायचे, “म्हनून कड मधी आनायची.” ही युक्ती त्यांना कुणी शिकवली, मी कधी विचारलं नाही. आता मला वाटतं कुणीच शिकवली नसावी.

मी फोटो सरळ केला. मुनिराखालांनी स्टुलावर चढून काढला होता तरी तो एका बाजूला फाकला होता. मग कापला. त्या नक्षीत चार फरश्यांचं मिळून एक फूल होतं, कावेचा लाल, पांढरा, आणि देठांना काळसर हिरवा. मी बरोबर पुरी फुलं येतील असा चौकोन घेतला, म्हणजे डाव्या कडेला उजवी कड भिडली तर नक्षी अखंड चालावी. नक्षी जर हललेली असेल, फरश्यांचे सांधे सरकलेले असतील, जाळी उचलताना हात कापलेला असेल, तर ते आता लपणार नव्हतं. कळ दाबली. उभी रेघ नाहीशी झाली होती. काळ्या पडद्यावर ठिपके होते, स्वच्छ, टाचणीच्या टोकाएवढे, सारख्या अंतरावर, एकाही ठिपक्याला धूर नाही. मी आठ वर्षांत निसर्गाची आणि यंत्राची हजारो रूपांतरं बघितली आहेत. हाताने ओतलेल्या रंगाचं असं रूपांतर येऊ शकतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. चौऱ्याहत्तर वर्षांचे हात. आणि ती फरशी त्यांनी एकट्याने दाबली होती. सदाचं तेव्हा हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं.

“काय आहे गं ते?” निकेतने संत्र्याची फोड पुढे करत विचारलं. “कसलं मटेरियल?”

“फरशी आहे.”

“कुठल्या मशीनची?”

मी फोड घेतली.

पण आडवी रेघ राहिली होती. फिकट झाली होती, गेली नव्हती. पुन्हा मोजलं, पुन्हा कापलं. फुलं बरोबर होती. मग माझ्या ध्यानात आलं की नक्षी जुळत होती आणि उजेड जुळत नव्हता. फोटोत डावीकडे खिडकी होती. तिथली फुलं उजळ होती, आणि तिथून उजवीकडच्या भिंतीकडे जाता जाता ती एकेका ओळीने मंद होत गेली होती, भिंतीजवळ तर लाल रंग जवळजवळ तपकिरी. उजळ कड अंधाऱ्या कडेला भिडत होती. उरलेली रेघ त्या खोलीतल्या उजेडाची होती. ती पुसणं सोपं होतं, दोन मिनिटांचं काम. मी पुसली नाही. बाबांचा हात शाबूत होता एवढं कळलं. किनार का नाही, हे त्यातून कळत नव्हतं. हात शाबूत असलेला माणूसही विसरू शकतो. मी मुनिराखालांना फोन केला आणि म्हटलं, खाला, मी गुरुवारी येते, तोपर्यंत थांबा.

मांडव्याची बोट, तिथून चौल, चौलहून सदाला घेऊन मुरूडच्या बाजूने आगरदांडा, आणि गाडीसकट बोटीवर चढून दिघी. त्या रस्त्याने बाबा फरश्यांचा टेंपो घेऊन जायचे. फरश्या भाताच्या पेंढ्यात उभ्या लावायचे, कधीही आडव्या नाही. सदा माझ्या शेजारी बसला होता, पोटावर हात धरून. अजून त्याला वजन उचलायची मनाई होती. बोटीवर वारा सुटला तेव्हा तो म्हणाला, “मी असतो तर ही भानगड झालीच नसती.”

“म्हणजे विसरले असं तुम्हालाही वाटतं?”

“मी कुठं तसं म्हनलो?”

“तुम्हाला भावाच्या नावाने हाक मारली ना त्यांनी.”

“मारली. मी ओ दिली.” त्याने खाडीकडे तोंड फिरवलं. “माझी बायको तर मला पोराच्या नावानं हाक मारते, मंग तिचं काय डोकं फिरलंय? तुझा बापूस न्हाय विसरायचा. पन किनार न्हाय म्हंजे... किनार न्हाय, हे पन खरं.” मला आठवत होतं की लहानपणी बाबा नव्या घरात गेले की आधी खोलीचा मध्य काढायचे, सुतळीला खडू लावून दोन रेघा मारायचे, आणि मधल्या फुलापासून बाहेरच्या बाजूला फरश्या लावत जायचे. भिंतीजवळ आलं की नक्षी थांबवायची, एकरंगी किनार फिरवायची, आणि जी काय काटछाट करायची ती किनारीपलीकडच्या साध्या फरशीत. फूल कधी कापायचं नाही. घर वाकडं असतं, भिंत कधीच सरळ नसते, ते सगळं वाकडेपण त्या साध्या पट्टीत जिरून जायचं आणि नक्षीला त्याचा पत्ता लागायचा नाही. आमच्या कामातही नेमकं हेच करतात, कडेला चित्र विझवत नेतात. त्यात एक तोटा आहे. कडेला जे खरोखर असतं तेही विझतं.

मुनिराखालांनी दारातच माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. “किती सुकलीस गं. तुझे अब्बा आले असते तर म्हटले असते, पोरीला मुंबईत खायला देत नाहीत.” आत आरामखुर्चीत त्यांचे यजमान फकरुद्दीनचाचा पेपर वाचत होते. तरुणपणी कुवेतला राहून आलेले, आता फारसं न बोलणारे. त्यांनी पेपर खाली केला, सलाम घेतला, पेपर वर केला. चहा नंतर, मी म्हटलं, आधी खोली बघते.

मी चपला काढल्या. पायांना तो गारवा लागला आणि क्षणभर मी काही बघू शकले नाही. मग बघितलं. खिडकीच्या बाजूला किनार होती. दोन्ही लांब भिंतींनाही होती, काळसर हिरवी, सुतात. फक्त समोरच्या पश्चिमेच्या भिंतीला नव्हती. तिथे लाल फुलं सरळ चालत जात होती आणि भिंतीत अर्धी घुसल्यासारखी थांबत होती. फोटोत न कळलेलं मला इथे कळलं: विसरलेल्या माणसाने तीन बाजू लक्षात ठेवल्या होत्या. मी भिंतीजवळ उकिडवी बसले. शेवटची ओळ कापलेली नव्हती. फरश्या पुऱ्या आठ इंची होत्या. त्या ओळीत फुलांचा अर्धा भाग आला होता, उरलेला अर्धा पुढच्या ओळीत यायचा, आणि पुढची ओळ नव्हती. भिंत आणि फरशी यांच्यामध्ये अंगठाभर फट होती, वरून पांढऱ्या चुन्याने बुजवलेली. सदा कण्हत माझ्या शेजारी बसला. त्याने खिशातून घराची चावी काढली आणि फटीत घातली. चुन्याचा पापुद्रा निघाला. खाली वाळू होती. कोरडी, चाळलेली वाळू, सिमेंटचा कणही नाही.

“हे असं कुनी करतं?” सदा हळूच म्हणाला. ज्याला पुढे काम जोडायचं आहे तोच करतो हे त्याला माझ्याआधी कळलं असणार, पण त्याने ते म्हटलं नाही.

“आणि जाताना त्या उरलेल्या पण घेऊन जा बाई,” मुनिराखाला दारातून म्हणाल्या. “पलीकडं पडवीत थप्पी लावून गेलेत. सरपणाला जागा नाही राहिली.”

“किती उरल्यात?”

“किती म्हणजे? शंभर-सव्वाशे असतील.”

एवढ्या फरश्या कुणाच्या उरत नाहीत. बाबांच्या तर पाच-सात. पडवीकडे जाताना माझ्या मनात एकच गोष्ट होती आणि ती मी सदाला बोलून दाखवली नाही: उरलेल्या नसतील, तर बाद असतील. शंभर-सव्वाशे बाद. खोलीभर निर्दोष फरश्या निघाव्यात म्हणून त्यांनी एकट्याने दांडा ओढून तेवढ्याच नापास केल्या असतील, प्रत्येकीकडे एक डोळा मिटून बघत, एकामागून एक पाठीवर फुली ओढत. ते स्वच्छ ठिपके मला आठवले. त्यांची किंमत ही असेल. हात गेला आहे हे त्यांना फोन करायच्या कितीतरी आधी कळलं असेल, आणि तरीही त्यांनी विचारलं ते माझ्या कामाबद्दल.

पडवी त्याच भिंतीच्या पलीकडे होती, पश्चिमेला उघडी. समोर सुपारीची बाग, आणि दुपार कलल्यामुळे सगळं ऊन पोफळींच्या मधून तिरकं येऊन पडवीभर पसरलं होतं. थप्पी गोणपाटाखाली होती, फरश्या पेंढ्यात उभ्या लावलेल्या. मी गोणपाट काढलं. पहिली फरशी ओढली आणि उलटी केली.

फुली नव्हती. कोळशाने ‘१’ लिहिलं होतं आणि शेजारी एक बाण. दुसरीवर ‘२’. सदाने तिसरी काढली, चौथी काढली, त्याला वजन उचलायला मनाई आहे हे आम्ही दोघंही विसरलो. थप्पीच्या शेवटी, भिंतीकडे तोंड करून, हिरवी किनार होती. तीन बाजूंना पुरेल एवढी.

“खाला,” मी हाक मारली, आणि माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. “ही भिंत पाडायचं काही बोलणं झालं होतं का?”

“कुठली? ही?” त्या ओढणी सावरत आल्या. “नाही गं. कशाला पाडू?”

आतून फकरुद्दीनचाचांचा आवाज आला. “बोलली होतीस.”

“मी? कधी?”

“चांगदेव माप घ्यायला आला तेव्हा.” पेपर बाजूला ठेवल्याचा आवाज झाला, आणि ते स्वतःच काठी टेकत पडवीच्या दारात येऊन उभे राहिले. “तू बोलली, ह्या खोलीत दुपारनंतर कबरीसारखा अंधार होतो. ही भिंत नसती तर बागेपर्यंत उजाला आला असता, बसायला बरं झालं असतं. त्यानं भिंतीवर टकटक करून बघितलं. म्हटला, आर्ध्या विटेची हाय, छपराचं वजन हिच्यावर न्हाय. तू बोलली, रेहान आला की बघू.” रेहान म्हणजे त्यांचा नोकरीसाठी बाहेर असलेला मुलगा.

“ते मी बोलण्यापुरतं बोलले हो!”

“त्याला बोलण्यापुरतं कळत नव्हतं,” चाचा म्हणाले. “तीस बरस बघतो मी. तू बोलली, त्यानं करून ठेवलं.”

मुनिराखालांनी खाली बघितलं, मग भिंतीकडे, मग थप्पीकडे. “मग मला सांगायचं नाही?” त्या अखेर म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही. “थप्पी लावताना मी विचारलं, भाऊ, हे काय? म्हटले, तुमचंच हाय, ऱ्हाऊ द्या. मला वाटलं उरल्या.” सदा थप्पीला टेकून बसला होता आणि तोंडावरून पंचा फिरवत होता. म्हणाला, “आमी इचारलं असतं तर आमालाबी एवढंच बोलले असते.”

मी तिथे उभी होते आणि शेवटचा फोन पुन्हा ऐकत होते. कड कशी लपवतात गं. म्हणजे किनारच की. या टायमाला मी किनार न्हाय लावली. त्या आवाजात मी सात आठवडे थकवा ऐकला होता. त्या वाक्यानंतर काय झालं ते मला माहीत होतं, म्हणून मी त्यांचं मरण आणून त्या वाक्याला लावलं होतं, कड कडेला भिडवावी तसं, आणि मग तो ओरखडा मागे पार गेला होता, हौदाशी उभ्या असलेल्या बाबांपर्यंत, कागदाचे चार तुकडे करणाऱ्या बाबांपर्यंत. सगळीकडे मला लक्ष उडालेला म्हातारा दिसायला लागला होता. आता ऐकलं तर त्या आवाजात थकवा नव्हता. ते खुशीत होते. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं आणि ते मी परत फोन करीन म्हणून थांबले होते. मी फोन केला नाही, हे काही बदलत नाही. ते बदलावं अशी माझी इच्छाही नाही. पण ते वाक्य कापलं गेलं ते माझ्या मीटिंगच्या दाराशी. त्यांच्याकडे ते चालूच होतं, शंभर-सव्वाशे फरश्या पुढे, आकडे घालून, बाण काढून, किनारीपर्यंत.

चहा झाला. खालांनी माझ्यापुढे नारळाच्या वड्यांची ताटली ठेवली आणि स्वतः काही न खाता सारख्या आतबाहेर करत राहिल्या. एकदा पडवीत जाऊन आल्या. एकदा खोलीत जाऊन भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलेली मी ऐकली. चाचा म्हणाले, “लग्नाला अठरा दिवस आहेत. धूळ होईल.” त्या म्हणाल्या, “झाडता येते.” चाचा म्हणाले, “रेहानला विचार तरी.” त्या म्हणाल्या, “रेहान तिकडं, अंधार इकडं.” मग सदाकडे वळून विचारलं, “लावशील तू, सदाभाऊ?”

“उचलायला मानूस द्या. लावीन मी. आकडे हायत की, त्यात काय, पोरगं पन लावंल,” सदा म्हणाला, आणि लगेच, “पोरगं न्हाय लावनार. मीच लावनार.”

खालांनी फोन उचलला. गवंड्याने पहिल्याच रिंगला घेतला असावा. “हां, मुनिरा बोलते. उद्या येतोस ना? ये, ये. हातोडा घेऊनच ये.” पलीकडून काहीतरी मोठ्या उत्साहात सांगितलं गेलं. खालांनी ते पुरतं ऐकून घेतलं. “फरशी कुठं म्हणते मी? फरशीला हात लावलास तर बघ. भिंत.”

निघण्याआधी मी पुन्हा खोलीत गेले. खिडकीचा उजेड आता जवळजवळ नव्हता आणि भिंतीजवळची अर्धी फुलं ओळखू येत नव्हती. मी पडवीतून पहिल्या क्रमांकाची फरशी आणली होती. भिंतीलगतच्या ओळीपुढे तिला ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती भिंतीला टेकवून उभी केली, पाठ बाहेर, बाण वर. सदा दारातून म्हणाला, “पेंढा घाल खाली, कोपरा उडंल.” मी बाहेर जाऊन पेंढा घेऊन आले.